काकांनी सोडलेली दोन हात जमीन

श्रावणातली पुनव जवळ आली की आमच्या खारेपाटात, खाडीकाठच्या या खारट जमिनीच्या पट्ट्यात, माणसं आभाळाकडे बघणं सोडतात आणि पायाखाली बघायला लागतात. पावसाचं जे काही व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. लावण्या उरकलेल्या असतात, भात गुडघ्याला लागलेलं असतं, आणि सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तो खाडीकडच्या मातीच्या बांधात. उधाणाला धरमतरची खाडी वर चढते, बांधाला टेकून उभी राहते, आणि खेकड्यानं कुठे बीळ पाडलं असेल तर तिथून आत शिरायला बघते. म्हणून या दिवसांत बांधावरून जाणारा प्रत्येक जण वाकून चालतो. बीळ दिसलं की चिखलाचा गोळा कोंबतो, वर टाच मारतो आणि पुढे सरकतो. काल मीही तसाच फिरून आलो. हात तीनदा धुतले तरी नखांतला चिखल निघाला नाही, आणि जेवताना त्याचा तो खारट, कुजका, ओळखीचा वास घासाबरोबर नाकात येत राहिला.

त्या वासासरशी दोन वर्षांपूर्वीचा श्रावण येतो. तो आला की मी एकटा असलो तरी माझी मान खाली जाते. बायको म्हणते, पुन्हा सुरू झालं का तुमचं? मी म्हणतो, काही नाही, मीठ जास्त झालंय भाजीत.

मी तीस वर्षं कंपनीत शिफ्ट केली. पहाटेची गाडी पकडायची, पेण सोडून पुढे नागोठण्याला उतरायचं, आणि दिवस असो वा रात्र, ट्यूबलाइटच्या उजेडात काढायची. शेती वडिलांनी केली, मग गड्यांनी केली, मी फक्त सुट्टीच्या दिवशी पँट दुमडून बांधावर उभा राहिलो. निवृत्त झालो तेव्हा अंगात एकदम शेतकरी संचारला. बैल कुणाकडे उरले नव्हते आणि मोठा ट्रॅक्टर खारेपाटात पोटापर्यंत रुततो. तेव्हा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा ठरलं. चैत्रात तो घरी आला. लाल, बुटका, माझ्या खांद्याला बोनेट लागेल एवढाच. मी त्याला लिंबू-मिरची बांधली, सीटवरचं प्लास्टिक मुद्दाम काढलं नाही, आणि रोज सकाळी जुन्या बनियनने पुसायला लागलो. मुलांना यांनी कधी इतक्या वेळा आंघोळ घातली नाही, असं बायको चारचौघांत सांगायची.

धर्माकाकांनी त्याला पहिल्या दिवशी नाव ठेवलं. काकांचं शेत माझ्या शेताच्या अलीकडे, थेट खाडीच्या बांधाला लागून. सत्तरीचा माणूस, कमरेला पंचा, डोक्यावर टोपी, उन्हात आणि पावसात एकच छत्री. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून म्हणाले, "यो बैल नाय रे. यो वासरू हाय." तेव्हापासून अख्खं गाव त्याला वासरू म्हणू लागलं.

वासरू शेतात न्यायचं कुठून, हा खरा प्रश्न होता. माझ्या शेताकडे जाणारा बांध जेमतेम दोन हातांचा. त्यावरून माणूस जातो, डोक्यावर भारा घेतलेली बाई जाते, चार चाकं जात नाहीत. मी काकांकडे शब्द टाकायला गेलो तो घाबरतच, कारण खारेपाटात कुणाला बांधाची वीतभर जागा मागणं म्हणजे त्याच्या ताटातला घास मागणं. काकांनी माझं पुरतं ऐकलंही नाही. फावडं घेऊन उठले, आपल्या शेताच्या कडेनं चालत गेले आणि दोन हात आत खुंट्या ठोकल्या. "येवढं पुरंल ना वासराला?" मी म्हटलं, काका, तुमची लावणी कमी होईल. म्हणाले, "व्हईल तर व्हईल. उद्या बांधाला गरज परली तर यीच वाट कामाला येल." आम्ही दोघांनी मिळून तिथे माती चढवली, वर मुरूम टाकला. पहिल्या फेरीला काका मडगार्डवर बसले, छत्री उघडून. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. विचारलं तर म्हणाले, वरातीत छत्री लागते.

इतकं सुख मला झेपलं नाही. आषाढाच्या अखेरीस शेवटच्या खाचराची चिखलणी चालू होती आणि वासरू धूर ओकून बसलं. पेणच्या डीलरकडे फोन केला. "उद्या माणूस पाठवतो." तो उद्या चार दिवसांनी उजाडला. रोह्याचा विलास मेकॅनिक मोटारसायकलवरून आला, पन्नाशीचा, कमी बोलणारा, खिशात नेहमी एक स्वच्छ फडकं. त्याने डिझेलची नळी सोडली, बोटावर दोन थेंब घेतले, चोळले आणि म्हणाला, "दादा, पाणी गेलंय डिझेलात. कॅन उघडा होता का?" कॅन उघडाच होता. पडवीच्या पागोळीखाली, माझ्याच हाताने ठेवलेला. पण मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, नव्या गाडीचा पंप असा कसा जातो?

पंप काढून तो घेऊन गेला आणि माझ्या पेणच्या वाऱ्या सुरू झाल्या. शोरूममध्ये हार घातलेला नवा ट्रॅक्टर, थंड पाण्याचा कूलर, आणि कॉम्प्युटरकडे बघत बोलणारा सर्व्हिसवाला. पार्ट यायचाय. पार्ट निघालाय. पार्ट आला पण तो दुसऱ्याच मॉडेलचा. शेजारच्या कारखान्यात न रंगवलेले गणपती ओळीने बसलेले असायचे, इकडे खुर्चीवर मी. एक दिवस मी टेबलावर हात आपटला. तेव्हा तो पहिल्यांदा कॉम्प्युटरवरून नजर काढून म्हणाला, "काका, डिझेलमध्ये पाणी ही तुमची चूक. तरी या खेपेला वॉरंटीत करतोय. पण तुमचा भाग खाडीचा. गाडी खाऱ्या पाण्यात घातलीत तर पुढे वॉरंटी विसरायची." हे मी गावात सांगितलं नाही. गावात मी सांगितलं ते डीलर कसा चोर आहे, सर्व्हिस कशी भिकार आहे, मेकॅनिक कसा उद्या-उद्या करतो. मला ऐकणारे मिळत होते आणि माझी जीभ सैल सुटली होती. अकरा दिवस मी हेच केलं.

बाराव्या दिवशी, नारळी पुनवेच्या आदल्या दुपारी, विलास पंप घेऊन आला. गावात कुणी नव्हतं. बाया खोबरं, गूळ, वेलची आणायला बाजारात, बापे खाडीवर. त्याने पंप बसवला, हवा काढली, चावी फिरवली, आणि वासरू पहिल्या फटक्याला खणखणीत सुरू झालं. बायकोने चहा केला. विलासने जॉबकार्डावर तारीख घातली, माझी सही घेतली आणि गुलाबी कागद माझ्या हातात दिला. जाताना म्हणाला, "आठवडाभराने एकदा बघून जातो." मी ट्रॅक्टर शेडमध्ये लावला, वर ताडपत्री घातली. इतकं साधं ते सगळं होतं. गावाला सांगायचं राहून गेलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नारळीभाताचं पातेलं नुकतंच चुलीवरून उतरलं होतं आणि घरभर गुळाचा वास होता. तेवढ्यात बांधाकडून आरोळी आली. "खांड परली रे, खांड परली!" खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. ती आरोळी आली की खारेपाटात घरटी एक माणूस निघतो. पान वाढलेलं असेल तर तसंच टाकून निघतो. कुणी कुणाला बोलवत नाही आणि कुणी मागे राहत नाही. ओहोटी लागल्यापासून पुढच्या भरतीपर्यंतच्या पाच-सहा तासांत खांड बांधायची, नाही तर पुढची भरती ती दुप्पट करते. खारं पाणी शेतात दोन-तीन भरत्या राहिलं तर ते भात तर जातंच, पण तीन वर्षं तिथे गवतही धड उगवत नाही.

मी घमेलं घ्यायला पडवीत वळलो आणि धर्माकाका अंगणात आले. धावत आले होते. पंचा मांडीपर्यंत चिखलाने भरलेला. खांड त्यांच्याच शेताला लागून पडली होती. गावाच्या तोंडाशी रस्त्याच्या कामाचा मुरूम पडला होता, पोती होती, माणसं होती. अर्धा मैल ते सगळं डोक्यावरून न्यायचं होतं. जेसीबी त्या बांधावर येत नाही, मोठा ट्रॅक्टर येत नाही. ट्रॉली घेऊन त्या वाटेनं खांडीपर्यंत जाऊ शकेल अशी एकच गाडी गावात होती.

काकांनी विचारलं, "वासरू सुरू झाला का रे?"

एवढंच. डोळ्यांत संशय नव्हता, आर्जव नव्हतं. विचारायचं म्हणून विचारलं.

माझ्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय आलं ते मी लपवणार नाही. खाडीच्या पाण्यात एक्सलपर्यंत बुडालेली लाल चाकं आली. सर्व्हिसवाल्याचं ते वाक्य आलं. आणि तोंडातून निघालं, "नाय ना काका. अजून कंपनीचा माणूस यायचाय."

"मेल्यांनो," काका कंपनीला म्हणाले, आणि परत धावत सुटले.

बायको दारात उभी होती. तिने आदल्याच दिवशी त्या माणसाला चहा दिला होता. ती एवढंच म्हणाली, "चावी कुठाय?" मी म्हटलं, राहू दे. चावी माझ्या अर्ध्या चड्डीच्या खिशात होती.

त्या दिवशी मी गाढवासारखं काम केलं. कुणाहून कमी नाही, जास्तच. हातोहात चिखलाचे गोळे पुढे सरकत होते, पोत्यांच्या खेपा येत होत्या, आणि मी थेट खांडीच्या तोंडाशी, कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. वाकलो की चावी मांडीला टोचायची. सरळ झालो की सुटायची. पुन्हा वाकलो की पुन्हा टोचायची. शेजारचा माणूस म्हणाला, "बस कर, वयाला जप." मला त्याचं बरं वाटलं. होय, बरं वाटलं. त्या पाण्यात उभं राहून मला क्षणभर असंही वाटून गेलं की आता फिटलं. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडवून घेतो, हे मला त्या दिवशी कळलं. डोक्यावरून येणारा मुरूम थोडा होता आणि खांड मोठी होती. अंधार पडला तेव्हा ती अर्धीच बांधून झाली होती.

सकाळी काकांच्या तीन खाचरांत खाडी होती. वर फक्त भाताचे शेंडे दिसत होते, आणि त्यांच्यामधून छोटे मासे उड्या मारत होते. खांड पुरती बांधायला आणखी दोन दिवस लागले. माझं शेत जरा उंचावर. माझ्या एका कोपऱ्याला पाणी लागलं, बाकी भात हिरवंगार उभं राहिलं. काकांचं आठवड्यात तांबूस झालं, मग काळं, मग त्याचा कुजका वास गावात यायला लागला. त्या वर्षी दिवाळीच्या आत मी कापणी केली. काकांनी मला विळ्यांना धार लावून दिली. त्यांच्या विळ्यांना त्या वर्षी काम नव्हतं.

पण माझी खरी लाज दुसरीच आहे आणि ती गावात कुणाला दिसली नाही. आठवडाभराने, शब्द दिल्याप्रमाणे, विलास आला. गावाच्या तोंडाशी पाच-सात जणांनी त्याची मोटारसायकल अडवली. मी तिथेच होतो. "वीस दिस पंप घेऊन बसलास. आता आलास व्हय? म्हाताऱ्याची शेती खाल्लीस!" धर्माकाका स्वतः पुढे झाले. कधी परक्याला अरे-तुरे न करणारा माणूस, त्यांनी बोट नाचवून सुनावलं, "तुज्या घरात भात शिजतो ना? मंग येकदा आमचा शेत बघून जा." विलासने हेल्मेट काढलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलेचा अंगठा बघत होतो. एक वाक्य बोलला असता, नुसती तारीख सांगितली असती, तरी तो सुटला असता. गुलाबी कागद माझ्या घरात कपाटात होता. तो म्हणाला, "चुकलं. उशीर झाला."

मग तो माझ्या शेडमध्ये आला. ऑईल बदललं, फिल्टर साफ केला, बोल्ट आवळले. बायकोने आणलेला चहा त्याने नको म्हटला. फडक्याने हात पुसले, माझ्यापुढे कार्ड धरलं आणि म्हणाला, "इथं सही करा." मी केली.

त्यानंतर दोन वर्षं मी वासरू मोजून-मापून वापरलं. गोड्या पाण्यात घातलं, गोड्या पाण्याने धुतलं. काका मडगार्डवर बसायचे, छत्री उघडायचे, आणि वाटेत आपली पडीक खाचरं आली की मुद्दाम दुसरीकडे बघत काहीतरी विनोद करायचे. मी हसायचो. सांगायचं हे रोज ठरायचं. कधी पाऊस असायचा, कधी काकांचा खोकला असायचा, कधी ते इतक्या खुशीत असायचे की म्हणायचो आज नको. या चैत्रात वॉरंटी संपली. त्याच आठवड्यात मी ट्रॅक्टर खाडीच्या बांधावर नेला आणि गावासाठी सबंध दिवस माती वाहिली. लोकांनी माझं नाव काढलं. एकाने पाठीवर थाप मारली. मला तिथल्या तिथे बांधात गाडून घ्यावंसं वाटलं.

आणि मग ज्येष्ठाच्या सुरुवातीला काकांनी मला हाक मारली. खांडीतून भाताबरोबर बुडलेल्या खाचरात जिताड्याची पिल्लं आली होती. काकांनी सर्वांत खोल खाचराची तळी केली आणि दोन वर्षं ती वाढवली. त्या दिवशी त्यांनी जाळं टाकून पहिला मोठा मासा काढला. रुपेरी, हाताएवढा लांब, ओल्या गोणपाटात फडफडणारा. मला वाटलं माझ्यासाठी. आमच्याकडे जिताडा कुणाला उगाच देत नाहीत.

"यो रोह्याला ने," काका म्हणाले. "त्या मेकॅनिकला. मी तवा लय बोललो त्याला. त्याची काय चूक, वरून पार्ट नाय आला तर? दोन वर्षां माज्या मनात हाय ता."

मी मासा घेऊन गेलो. जिते स्टेशनवर गाडीत बसल्यापासून रोह्यापर्यंत गोणपाटातलं पाणी माझ्या पँटवर ठिबकत होतं. कुंडलिका नदीच्या पलीकडे विलासचं घर. तो दारातच स्कूटरचं चाक खोलून बसला होता. मी निरोप सांगितला. त्याने चाक बाजूला ठेवलं.

"कुणी पाठवला? त्यांनी की तुम्ही?"

"त्यांनी."

"मग घेतो," तो म्हणाला. "तुम्ही पाठवला असता तर नसता घेतला."

त्याने बायकोला हाक मारून मासा आत दिला. मी निघता निघता विचारलं, तेव्हा बोलला का नाहीस? फडक्याने हात पुसत म्हणाला, "मी काय, गाडीला किक मारून गेलो. तुम्हाला तिथंच राहायचं होतं, दादा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला परतीची वाट सोपी गेली असती.

काका तळीच्या काठावर जाळं सुकवत होते. "घेतला का रे त्यानं? काय बोलला?" पुन्हा तसाच प्रश्न, तसेच डोळे. या वेळी पाऊस नव्हता, खोकला नव्हता. मी उभ्यानेच म्हटलं, "काका, त्या दिवशी ट्रॅक्टर चालू होता. आदल्या दुपारी त्याने पंप बसवून दिला होता. चावी माझ्या खिशात होती."

जाळ्यावरचे हात थांबले. ते आता आपल्या शेताकडे बघतील असं मला वाटलं. शिव्या देतील, जाळं फेकतील. त्यासाठी मी तयार होतो. काका रोह्याच्या दिशेला बघत राहिले.

"मंग त्या मानसाला मी उगाच बोललो," ते म्हणाले.

बस, एवढंच. पुढे त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही, ते मीच एकेकाला सांगत सुटलो आहे. काही जण बोलायचे थांबले, काही जण हसून विसरले. काका बोलतात. रस्त्यात भेटले की पावसाचं विचारतात, परवा पुनव आहे, बिळं बघून घे म्हणतात.

काल बिळं बुजवून झाल्यावर बांधावरून ट्रॅक्टर घेऊन येत होतो आणि समोरून काका येत होते, वाकून, बिळं शोधत, बगलेत मिटलेली छत्री. मी गाडी थांबवली. मडगार्डवरचं पाणी हाताने पुसलं आणि म्हटलं, "बसा काका."

"नको," ते म्हणाले. "चालत जातो. तू जा."

ती वाट एका ट्रॅक्टरपुरतीच आहे. त्यातली दोन हात जमीन काकांची आहे. मला पुढे जाता यावं म्हणून ते खाली आपल्या पडीक खाचरात उतरले, आणि मी जाईपर्यंत गुडघाभर चिखलात उभे राहिले.